रोल वाळल्यावर पांढरे डाग पुन्हा पुन्हा पडतात? फोटो-फ्लो वाढवू नका, शेवटचं पाणी बदला

घरी धुतलेला फिल्मचा रोल ओला असताना अगदी स्वच्छ दिसतो. टांगला, वाळला, उजेडासमोर धरला की पांढरट गोल दिसू लागतात. कडेने ओघळ असतात, छिद्रांच्या खाली लांबट डाग असतात. मग माणूस वेटिंग एजंट, म्हणजे पाणी थेंब न धरता पसरावं म्हणून शेवटच्या पाण्यात घालायचं द्रव, मागवतो: कोडॅकचा फोटो-फ्लो किंवा इलफर्डचा इल्फोटॉल. एक-दोन रोल बरे निघतात आणि पुन्हा तेच सुरू होतं. मग बाटलीतून अंदाजाने थोडं जास्त ओतलं जातं. डाग जात नाहीत, वर तेलकट झाक मात्र येते. "दादा, वेटिंग एजंट टाकूनसुद्धा डाग का पडतात?" हा प्रश्न मला लातूर, बीड, परभणीकडून सारखा येतो, आणि बहुतेक वेळा तो मार्च ते जूनमध्येच येतो. गणपतीच्या सुमारास तीच माणसं, तीच बाटली, तीच पद्धत, आणि रोल स्वच्छ.

उन्हाळ्यात फोटो-फ्लो बदलत नाही, पाणी बदलतं. नळाचं पाणी लांबतं, बोअर खोल जातो, टँकर कुठल्या विहिरीवर भरला हे विचारल्याशिवाय कळत नाही. म्हणून माझं सांगणं ठाम आहे. वेटिंग एजंटचं काम पाणी पसरवण्याचं आहे. पाण्यात विरघळलेले क्षार काढणं हे त्याचं काम नाही आणि त्याला ते जमतही नाही. क्षार असलेलं पाणी छान पसरून वाळलं तर क्षारही छान पसरून वाळतात.

आधी डाग कशाचा आहे ते बघा

प्रत्येक गोल डाग पाण्याचा नसतो, आणि चुकीच्या डागावर पाणी बदलून उपयोग नाही.

निगेटिव्हवर साचलेला क्षार प्रकाश अडवतो. म्हणून प्रिंटमध्ये किंवा उलटवलेल्या स्कॅनमध्ये तो डाग पांढरा दिसतो. दौलताबादच्या किल्ल्यामागचं मोकळं आकाश, बीबी का मकबऱ्याच्या भिंतीचा सपाट राखाडी भाग अशा जागी तो लगेच नजरेत भरतो. याउलट प्रिंटमध्ये छोटे, रेखीव, काळे ठिपके दिसत असतील तर ते वाळवतानाचे नाहीत. डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) ओतल्यावर फिल्मला हवेचे बुडबुडे चिकटून राहिले, तेवढ्या जागी डेव्हलपर पोचला नाही, निगेटिव्ह तिथे कोरं राहिलं आणि प्रिंटमध्ये काळं आलं. त्यावर उपाय सुरुवातीलाच करायचा: डेव्हलपर ओतल्यावर टँक, म्हणजे फिल्म धुण्याचा बंद डबा, ओट्यावर दोन-तीनदा जरा जोरात आपटा. फेस होत असेल तर रीळ (टँकमध्ये फिल्म ज्यावर गुंडाळतात ते) आणि टँक नीट धुतलेले नाहीत, त्यांना आधीच्या वेळचा वेटिंग एजंट चिकटलेला आहे. याकडे पुढे येतो.

निगेटिव्हवर दुधाळ, ढगाळ पट्टे असतील तर तो फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) संपल्याचा किंवा कमी वेळ दिल्याचा परिणाम. ताज्या फिक्सरमध्ये परत बुडवलं की तो जातो.

आता उरला पाण्याचा डाग. तो फिल्मच्या कोणत्या बाजूला आहे हे ठरवा. दिव्याखाली फिल्म तिरकी धरा. जी बाजू चकचकीत ती बेस, जी मंद दिसते ती इमल्शन, म्हणजे चित्र धरणारा जिलेटिनचा थर. फिल्म साधारण इमल्शनच्या बाजूला वळते, हीही खूण. बहुतेक पांढरे गोल बेसच्या बाजूला सापडतात, कारण त्या गुळगुळीत प्लास्टिकवर पाणी अळवावरच्या पाण्यासारखं थेंब धरून बसतं. बेसवरचा डाग म्हणजे वर बसलेला क्षार, तो काढता येतो. इमल्शनवर मात्र गोष्ट वेगळी आहे. जिलेटिन पाणी पिऊन फुगलेलं असतं. त्यावर थेंब राहिला तर आजूबाजूचं जिलेटिन आधी वाळून आकसतं आणि थेंबाखालचं फुगलेलंच राहतं. या ओढाताणीत थेंबाच्या कडेला खड्ड्यासारखी रेघ उमटते. हा डाग शुद्ध पाण्याच्या थेंबानेसुद्धा पडू शकतो. इथे वेटिंग एजंट खऱ्या अर्थाने कामाला येतो.

आपल्या पाण्यात काय आहे

मराठवाड्याचा बराचसा भाग दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकावर आहे. या खडकातून झिरपून आलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट मिसळतात. बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, नळाच्या तोटीला खडे धरतात, हे घरोघरी माहीत आहे. तेच पाणी फिल्मवर वाळतं तेव्हा बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं आणि पांढरी भुकटी मागे राहते.

पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात एकूण विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतं. म्हणजे मानकात बसणाऱ्या पाण्याच्या एका लिटरमध्येही अर्धा ग्रॅम क्षार असू शकतो. साधारण ०.०५ मिलिलिटरचा एक थेंब धरला तर त्यात ०.०२५ मिलिग्रॅम. पोटाला त्याने काही होत नाही, पण ३५ मिलिमीटरच्या फ्रेमवर तेवढी भुकटी एका गोलात बसली तर ती दिसणारच. "आम्ही हेच पाणी पितो, मग फिल्मला का चालत नाही?" याचं उत्तर हे.

जायकवाडी, मांजरा, विष्णुपुरी या धरणांतून येणारं पाणी सहसा बोअरपेक्षा सौम्य असतं. अडचण अशी की वर्षभर एकच पाणी घरात येत नाही. छत्रपती संभाजीनगरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, मधल्या दिवसांत बोअर किंवा टँकरचं पाणी त्याच टाकीत पडतं. लातूरला तर २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा भागात "माझ्या नळाच्या पाण्याला इतके थेंब फोटो-फ्लो पुरतो" असा हिशेब बसतच नाही. जानेवारीत बसवलेला हिशेब एप्रिलमध्ये मोडतो. समस्या परत परत का येते याचं कारण हेच आहे.

काचेवरची परीक्षा

महागडी साधनं नकोत. फोटो फ्रेमची एक जुनी काच घ्या, स्वच्छ धुऊन पुसून कोरडी करा. तिच्यावर ड्रॉपरने ओळीने थेंब टाका: नळाचं किंवा बोअरचं पाणी, घरच्या आरओचं, जारचं, बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर. मग त्याच डिस्टिल्ड वॉटरमध्ये योग्य मापात वेटिंग एजंट घालून एक थेंब, आणि दुप्पट मापाचा एक थेंब. कडेला मार्करने नावं लिहा. पंखा बंद ठेवून वाळू द्या आणि काच काळ्या कापडावर तिरक्या उजेडात बघा.

बोअरच्या थेंबाची जाड पांढरी कडी दिसेल. दुप्पट वेटिंग एजंटच्या थेंबाची तेलकट, इंद्रधनुषी झाक दिसेल. योग्य मापाचा थेंब पसरलेला आणि जेमतेम दिसणारा असेल. हा प्रयोग एकदा डोळ्यांनी बघितला की फार समजावून सांगावं लागत नाही. टाकीचं पाणी बदललं, जारवाला बदलला, आरओचा फिल्टर बदलला की परत करा.

टीडीएस मीटर असेल तर उत्तम, पण त्याची मर्यादा समजून घ्या. तो पाण्याच्या विद्युतवाहकतेवरून क्षारांचा अंदाज देतो. धूळ त्याला दिसत नाही. फोटो-फ्लोसारखा विद्युतभार नसलेला वेटिंग एजंटही त्याला दिसत नाही. जास्त घातलेल्या वेटिंग एजंटचा डाग मीटर पकडणार नाही, काच पकडेल.

शेवटचं पाणी कोणतं

मी बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड वॉटर वापरायला सांगतो. सीलबंद बाटली घ्या. सुट्टं भरून दिलेलं घेऊ नका, कारण त्याच दुकानात बॅटरीचं ॲसिडही भरलं जातं आणि कॅन एकमेकांत जातात. मीटर त्यात शून्याच्या आसपास दाखवतो. एका रोलला लिटरभर पुरतं, त्यामुळे खर्च फार नाही. फिल्मची आजची किंमत बघता तो करावाच.

घरचा आरओ दुसऱ्या क्रमांकावर. बऱ्याच मशिनमध्ये चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळण्याची किंवा खनिजं घालण्याची सोय असते, त्यामुळे आरओचं पाणी म्हणजे क्षार शून्य असं धरू नका. काचेवर बघा. जारचं पाणी कधी आरओइतकं चांगलं निघतं, कधी नाही. प्रत्येक प्लांट वेगळा.

सॉफ्टनरबद्दल बराच गैरसमज आहे. नव्या अपार्टमेंटमध्ये बसवलेला सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम सोडतो. साबणाला फेस येऊ लागतो, पण एकूण क्षार तेवढेच राहतात. डाग पडतो, फक्त तो पाण्याने सहज धुतला जातो. उकळून गार करून गाळलेल्या पाण्यात बायकार्बोनेट खाली बसतं, तेवढा फायदा होतो. सल्फेट आणि क्लोराइड मात्र तसेच राहतात. तुरटी फिरवल्याने गढूळपणा जातो, विरघळलेला क्षार जात नाही. एसीच्या नळीतून गळणाऱ्या पाण्यात क्षार नसतात, पण कॉइलवरची धूळ आणि शेवाळ असतं, म्हणून ते नको. पावसाचं पाणी मात्र खरोखर चांगलं. दोन-तीन मोठे पाऊस होऊन पत्रे धुऊन निघाल्यावर धरलेलं, कॉफीच्या कागदी फिल्टरमधून दोनदा गाळलेलं पाणी शेवटच्या धुण्याला चालतं. फार दिवस साठवू नका.

आधीचं धुणं बोअरच्या पाण्याने बिनधास्त करा

आता एक दिलासा. फिक्सर काढण्यासाठी जे धुणं करतो त्याला कठीण पाणी अजिबात वाईट नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जहाजांवर गोडं पाणी कमी असायचं, तेव्हा असं आढळलं की समुद्राच्या खाऱ्या पाण्यात हायपो (फिक्सरमधलं रसायन) उलट लवकर निघतो, फक्त शेवटी गोड्या पाण्यात खळबळून घ्यावं लागतं. हायपो क्लिअरिंगच्या बाथमागे हेच तत्त्व आहे. म्हणून लिटरामागून लिटर डिस्टिल्ड वॉटर धुण्यात घालवायची गरज नाही. ते फक्त शेवटासाठी राखा.

पाणी वाचवायचं तर इलफर्डने सुचवलेली पद्धत आपल्या भागासाठी फारच सोयीची आहे. हार्डनर (जिलेटिन कडक करणारं रसायन) नसलेला फिक्सर वापरला असेल तर टँक पाण्याने भरा, ५ वेळा उलटासुलटा करा, ओता. पुन्हा भरा, १० वेळा, ओता. पुन्हा भरा, २० वेळा, ओता. झालं. वाहत्या नळाखाली अर्धा तास धरून बसण्याइतकं पाणी एप्रिलमध्ये कुणाकडे आहे? हार्डनर असलेल्या फिक्सरला मात्र जास्त धुवावं लागतं. घाईत असाल तरी तिथे कमी करू नका.

तापमानाकडे मात्र काटेकोर लक्ष हवं. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी मे महिन्यात दुपारी हाताला चटका देतं. डेव्हलपर २० किंवा २४ अंशांवर करून फिल्म एकदम ३८-४० अंशांच्या पाण्यात घातली तर जिलेटिन जास्त फुगतं, मऊ पडतं आणि बोटाच्या नखानेही ओरखडा उठतो. सगळी पाणी एकमेकांच्या ५ अंशांच्या आत ठेवा. सोपा मार्ग म्हणजे डेव्हलपर, फिक्सर, धुण्याच्या पाण्याच्या बाटल्या आणि शेवटच्या डिस्टिल्ड वॉटरची बाटली सगळ्या एकाच टबात उभ्या करा, टबात माठाचं पाणी आणि गरजेपुरता बर्फ घाला. हमखास विसरली जाते ती शेवटचीच बाटली. ती कपाटात ३६ अंशांवर उभी असते.

शेवटचे दोन बाथ

मूळ दुरुस्ती इथे आहे. ती दोन टप्प्यांत करा, एकात नको.

पहिल्या टप्प्यात टँकमध्ये नुसतं डिस्टिल्ड वॉटर, वेटिंग एजंट न घालता. दोन-तीन मिनिटं ठेवा, मधून हळूच उलटासुलटा करा, ओतून द्या. जिलेटिनमध्ये मुरलेलं, रिळाच्या खाचांत अडकलेलं, टँकच्या तळाशी राहिलेलं बोअरचं पाणी याने निघून जातं. हा टप्पा गाळला तर तेच पाणी पुढच्या बाथमध्ये मिसळतं. समजा ३० मिलिलिटर बोअरचं पाणी मागे राहिलं, त्यात लिटरला १००० मिलिग्रॅम क्षार आहेत आणि वर २७० मिलिलिटर डिस्टिल्ड घातलं, तर शेवटच्या बाथमध्ये लिटरला १०० मिलिग्रॅम क्षार आलेच. "डिस्टिल्ड वापरूनही डाग पडतात" असं म्हणणाऱ्यांचं घोडं बहुधा इथेच अडलेलं असतं.

दुसऱ्या टप्प्यात वेटिंग एजंट. फोटो-फ्लो २०० आणि इल्फोटॉल दोन्हींचं माप एकास दोनशे: लिटरला ५ मिलिलिटर, ५०० ला अडीच, ३०० ला दीड. बुचाने किंवा अंदाजाने ओतू नका. मेडिकलमधून सुई नसलेली लहान सिरिंज आणा. दीड मिलिलिटर मोजायला अवघड वाटत असेल तर १० मिलिलिटर एजंट आणि ९० मिलिलिटर डिस्टिल्ड असं पातळ करून ठेवा, मग ३०० मिलिलिटर बाथला त्यातलं १५ मिलिलिटर लागतं. हे पातळ केलेलं उन्हाळ्यात लवकर बुरसतं, थोडंच करा. दोनशे मापाने काचेवर झाक दिसत असेल तर निम्म्यावर या. शुद्ध पाण्यात निम्मं माप पुष्कळदा पुरतं. मला तेच जास्त आवडतं.

आधी पाणी, मग एजंट, मग सावकाश ढवळणं. हलवून फेस केलात तर फेसाचे बुडबुडे फिल्मवर बसून त्यांच्याच कड्या वाळतात. वर फेस आला तर चमच्याने काढून टाका.

आणि फिल्म रिळातून काढून मगच या बाथमध्ये घाला. एक स्वच्छ, रुंद स्टीलचं पातेलं घ्या. फिल्मची दोन्ही टोकं धरून मधला भाग पाण्यात सोडा आणि एक हात वर, एक हात खाली असं अर्धा ते एक मिनिट सावकाश फिरवा. रीळ या बाथमध्ये बुडवत राहिलात तर प्लास्टिकच्या खाचांत चिकट थर साचतो. मग पुढच्या वेळी फिल्म अंधारात अर्ध्यावर अडकते आणि डेव्हलपरला फेस येतो. आधीच चिकट झालेली रिळं गरम पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन घासा, साबण नको, आणि पूर्ण कोरडी होईपर्यंत वापरू नका.

वापरलेला बाथ फेकून द्या. परत वापरला तर आधीच्या रोलची धूळ आणि उरलेला फिक्सर पुढच्या रोलवर जातो.

शाम्पू, भांड्यांचं लिक्विड, रिठा

मागवलेली बाटली यायला वेळ लागतो म्हणून हे विचारलं जातं. पाण्याचा पृष्ठताण मीटरला साधारण ७२ मिलिन्यूटन असतो, वेटिंग एजंट तो तीस-पस्तीसच्या घरात आणतो. शाम्पू आणि भांड्यांचं लिक्विडही आणतात. पण त्यांत रंग, सुगंध, केस मऊ करणारे पदार्थ असतात, आणि घट्टपणा यावा म्हणून मीठही घातलेलं असतं. ते सगळं फिल्मवर वाळतं. अंगाचा साबण तर मुळीच नको, कठीण पाण्यात त्याचा चिकट साका होतो. रिठ्याला फेस छान येतो, पण त्याच्या पाण्याला रंग असतो आणि गाळ राहतो.

पर्याय हवाच असेल तर प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात ट्रायटन एक्स-१०० मिळतं. फोटो-फ्लोमधलाही पृष्ठताण कमी करणारा घटक त्याच जातीचा आहे. ते मधासारखं दाट असतं. कोमट डिस्टिल्ड वॉटरमध्ये १० टक्क्यांचं द्रावण करून ठेवा आणि लिटरला अडीच मिलिलिटरपासून सुरू करा. आधी काचेवर, मग वाया गेलेल्या फिल्मच्या तुकड्यावर, मग खऱ्या रोलवर. आणि घाईच असेल तर नुसतं डिस्टिल्ड वॉटर, बोअरचं पाणी अधिक शाम्पू यापेक्षा कितीतरी चांगलं.

वाळवताना

आपल्याकडे मे महिन्यात फिल्म फार लवकर वाळते आणि त्याचाच त्रास होतो. थेंब खाली ओघळायच्या आत जागीच सुकतो. म्हणून वाळणं मुद्दाम सावकाश करायचं. बाथरूमची फरशी आणि भिंती आधी पाण्याने धुऊन घ्या, वरून गळणारं पाणी थांबू द्या, मग फिल्म आत न्या आणि दार लावा. ओल्या फरशीमुळे हवा दमट राहते आणि धूळ खाली बसते. फिल्म टांगलेली असताना शॉवर मात्र सोडू नका. बोअरच्या पाण्याचे बारीक तुषार फिल्मवर बसले तर केलेलं सगळं वाया जातं.

टांगण्याआधी फिल्म मिनिटभर तिरकी धरा, म्हणजे पाणी एका कडेला येऊन ओघळतं आणि छिद्रांत अडकलेले थेंबही निघतात. मग वरती क्लिप, खाली वजनाची क्लिप. त्यानंतर हात लावायचा नाही.

कूलर बंद. तो क्षारांनी भरलेलं तेच ते पाणी फिरवत असतो आणि गवताच्या जाळीतली धूळ बाहेर फेकतो. पंखा बंद, हेअर ड्रायर बंद. वळवाच्या आधी वावटळी उठतात त्या दिवसांत दुपारी फिल्म धुऊच नका. पहाटे किंवा रात्री उशिरा करा, पाणीही तेव्हा जरा गार असतं. पावसाळ्यात उलट अडचण असते: वाळायला कितीतरी तास लागतात आणि दिव्यावर आलेली पाखरं ओल्या जिलेटिनला चिकटतात. फिल्म टांगली की दिवा घालवा.

फिल्मवरचं पाणी निपटायची रबरी स्क्वीजी मी वापरू देत नाही. आपल्या धुळीत तिच्या कडेला एक कण अडकला तरी सगळ्या रोलवर लांबलचक ओरखडा येतो. क्षाराचा डाग काढता येतो, ओरखडा काढता येत नाही.

रंगीत सी-४१ फिल्मचा नियम वेगळा आहे. तिच्या किटमध्ये शेवटी स्टॅबिलायझर किंवा फायनल रिन्स असतो, त्यात वेटिंग एजंट आधीच असतो आणि रंग टिकवण्यासाठी किंवा बुरशी रोखण्यासाठी लागणारं रसायनही. तो डिस्टिल्ड वॉटरमध्ये करा, त्यानंतर धुऊ नका आणि त्याच्या जागी नुसता फोटो-फ्लो वापरू नका.

डाग पडलेला रोल वाचवायचा असेल तर

बेसच्या बाजूला डाग असेल आणि एखाद-दुसराच असेल तर त्यावर तोंडाची वाफ सोडा आणि स्वच्छ मायक्रोफायबरने हलकेच पुसा. इमल्शनच्या बाजूला हे करू नका.

डाग पुष्कळ असतील तर सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्या आधी पाण्यात दहा मिनिटं भिजवा, म्हणजे जिलेटिन सगळीकडे सारखं फुगतं. किराणा दुकानातलं पांढरं, रंग नसलेलं व्हिनेगर साधारण ४ टक्क्यांचं असतं. त्यात तेवढंच डिस्टिल्ड वॉटर घालून २ टक्के करा. सगळी पाणी एकाच तापमानाची हवीत. पट्टी त्यात दोन मिनिटं हलवा. कॅल्शियम कार्बोनेट आम्लात विरघळतं. मग नेहमीचं धुणं, नुसतं डिस्टिल्ड, शेवटी वेटिंग एजंट, आणि वर सांगितल्याप्रमाणे वाळवणं. पहिल्यांदा कमी महत्त्वाच्या पट्टीवर करून बघा. याने भुकटी गेली नाही तर ती बहुधा सल्फेटची असते. तिला आम्लाने फरक पडत नाही, डिस्टिल्ड वॉटरमध्ये अर्धा तास, पाणी बदलत भिजवून बघा.

इमल्शनमध्ये उमटलेली खड्ड्याची रेघ अशा लांब भिजवण्याने आणि सावकाश वाळवण्याने थोडी फिकी होते, पूर्ण जाईल याची खात्री नाही. स्कॅनरमधली इन्फ्रारेडवर चालणारी डाग काढण्याची सोय चांदीच्या कृष्णधवल फिल्मवर चालत नाही, कारण चांदीचे कण स्वतःच इन्फ्रारेड अडवतात आणि मशीन चित्रालाच डाग समजतं. तो पर्याय बंद ठेवा आणि उरलेली रेघ स्कॅनवर हाताने रिटच करा.